माल तपासून घ्यावा

मंगळवारी, तेरा जून २००६ रोजी, संध्याकाळी सव्वासातला रामटेके कुटुंबाच्या जेवणाच्या टेबलावर वीस माहितीपत्रकं होती. त्यांपैकी अकरांच्या मुखपृष्ठावर हेडफोन घातलेली मुलगी होती, आणि त्या अकरांपैकी सातांवर ती एकच मुलगी होती. पाचांवर पृथ्वीचा गोल होता, त्याला फिल्मची रीळ गुंडाळलेली. तिघांवर संस्थापक कुणाच्या तरी हातून ढाल घेत होते. उरलेल्या एकावर चित्रच नव्हतं. ती दोन पानांची झेरॉक्स होती, एका पिनेने अडकवलेली.

"ही पोरगी सात कॉलेजांत शिकते?" बाबांनी चष्मा कपाळावर चढवत विचारलं.

"बाबा, तो फोटो विकत मिळतो."

"म्हणजे सात जणांनी एकाच दुकानातून माल उचलला. लिहून ठेव."

आम्रपालीने लिहून ठेवलं. सुखदेव रामटेके पिंपरीच्या एका बेअरिंग कारखान्यात बावीस वर्षं तपासणी विभागात होते. भंडाऱ्याहून पुण्याला आले तेव्हापासून ते एकच काम करत होते: आलेला माल बघायचा आणि पास किंवा रिजेक्ट म्हणायचं. घरीही त्यांचं तसंच चाले. आईने आणलेलं वांगंसुद्धा ते उजेडात धरून फिरवून बघत. आई, म्हणजे शैलाबाई, नर्स होती. ती म्हणे, "माझी एवढी तपासणी लग्नाच्या वेळी केली असतीत, तर मीच नकार दिला असता."

आम्रपाली त्यांची एकुलती एक मुलगी. बारावी सायन्सला एक्याऐंशी टक्के. बी.एस्सी. कॉम्प्युटरला नंबर लागलेला, आणि शनिवारी दुपारी बारापर्यंत तिथे जाऊन प्रवेश पक्का करायचा होता. विश्रांतवाडीतल्या त्यांच्या इमारतीने तो परस्पर पक्का करूनही टाकला होता. शेजारच्या आनंदीबाईंचा नातू हिंजवडीला लागल्यापासून जिन्यात कुणीही भेटलं तरी 'कॉम्प्युटरच ना?' असं विचारून पुढे जाई, उत्तराला थांबत नसे.

फक्त आम्रपालीचं चित्त ठिकाणावर नव्हतं. शहरात नवी एफएम केंद्रं येणार होती. चौकाचौकांत फलक लागले होते, आणि पानटपरीपासून पीएमटीच्या बसपर्यंत कुठेतरी कुणीतरी भराभरा, हसत हसत बोलत असे. आठवीत असताना आवाज कुठून येतो हे बघायला तिने घरातला रेडिओ उघडला होता. तो परत जोडला तेव्हा दोन स्क्रू उरले, पण रेडिओ आधीपेक्षा मोठ्याने वाजायला लागला. तिला बोलायचंही होतं, आणि बोललेलं पलीकडे पोचतं कसं तेही बघायचं होतं. प्रसारण आणि डिजिटल मीडिया या विषयाची चक्क पदवी मिळते, हे कळल्यापासून तिला रस्त्याने सरळ चालता येत नव्हतं. मधूनमधून एक उडी पडायची.

बाबा नाही म्हणाले नाहीत. त्यांनी अट घातली. "तीन गोष्टी. विद्यापीठाची पदवी पाहिजे, नुसता कागद नाही. फी वर्षाला वीस हजारांच्या आत. आणि यंत्राला पोरांचा हात लागत असला पाहिजे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत एक जरी कॉलेज पास झालं, तर तिथे जा. एकही झालं नाही, तर शनिवारी कॉम्प्युटर, आणि मग रडायचं नाही."

"रडेन, पण आवाज न करता."

"चालेल."

जेवण होईस्तोवर नऊ माहितीपत्रकं बाद झाली, कारण पदवी कुठल्या विद्यापीठाची ते त्यांत लिहिलंच नव्हतं. एकात तर 'जागतिक दर्जाची' एवढंच होतं. सहा फीपायी गेली. दोन कॉलेजांची इमारत अजून बांधायची होती. उरली तीन, आणि दिवसही तीनच होते. बाबांनी तीन दिवस अर्ध्या रजा टाकल्या.

"आत जाऊन साहेबांना विचारायचं नाही," त्यांनी पद्धत समजावली. "विकणारा आपला माल वाईट सांगेल काय? फाटकाशी उभं राहायचं. बाहेर पडणारा दर पाचवा विद्यार्थी थांबवायचा. असे दहा. प्रत्येकाला तेच तीन प्रश्न. मागच्या आठवड्यात तुझा स्वतःचा हात किती तास चालला? सर येतात काय? आणि धाकट्या बहिणीला इथे घालशील काय?"

"पाचवाच का?"

"आपल्याला जो आवडला तोच आपण उचलतो. तसं होऊ नये म्हणून."

बुधवारचं कॉलेज सातारा रस्त्यावर, मोटारींच्या शोरूमच्या वर होतं. इतकं चकचकीत, की आम्रपालीने काचेत स्वतःला पाहिलं आणि बाजूला सरून वाट दिली. फाटकाशी उभं राहावंच लागलं नाही, कारण फाटक नव्हतं, लिफ्ट होती. आणि लिफ्टच्या समोरच एका काचेच्या पेटीत कॅमेरा ठेवलेला होता. स्वागतकक्षातली मुलगी म्हणाली, "आमचा व्यावसायिक कॅमेरा, सर. स्टुडंट्स ह्याच्यावरच प्रॅक्टिस करतात."

बाबा पेटीजवळ वाकले. पुष्कळ वेळ वाकलेलेच राहिले. कॅमेऱ्याला झेंडूचा हार होता. वाळून तपकिरी झालेला, पण एकही फूल तुटलेलं नाही. लेन्सच्या झाकणावर हळदीकुंकवाचं बोट जसंच्या तसं.

"मॅडम, खंडेनवमी कधी झाली?"

"अं... ऑक्टोबरमध्ये?"

"आठ महिने," बाबा म्हणाले, आणि लिफ्टचं बटण दाबलं.

खाली येईपर्यंत आम्रपालीने हसू दाबून धरलं होतं. स्कूटरवर बसल्यावर ते सुटलं आणि स्वारगेटपर्यंत थांबलंच नाही. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "काका, मुलीला पाणी द्या जरा."

गुरुवारी कोथरूड. इथे फाटक होतं, लोखंडी, आणि त्यातून पोरं भसाभसा बाहेर पडत होती. बाबांनी कडुनिंबाखाली जागा धरली, आम्रपालीने वही उघडली. बहुतेक मुलांच्या अंगावर पांढरे कोट होते. बाप आणि लेक एकमेकांकडे बघून हरखले.

"बघ, लॅबचे कोट," बाबा हळूच म्हणाले. "रेडिओच्या शिक्षणालासुद्धा कोट! शिस्त म्हणतात ती ही."

"सर्किट वगैरे बनवत असतील, बाबा. सोल्डरिंग उडतं ना अंगावर."

पहिल्याच मुलाच्या कोटावर पिवळे डाग होते. आम्रपालीने वहीत लिहिलं, 'बहुधा रसायनाचे.' तो मुलगा म्हणाला, "हात? काका, रोज चार तास! उभ्याने! हे बघा भाजलेलं." दुसरी म्हणाली, "सर येतात म्हणजे काय, मानेवर बसतात. जरा चुकलं की सगळं परत करायला लावतात." चौथा म्हणाला, तिसऱ्या वर्षाला असतानाच नोकरी लागते, मुंबईला, नाहीतर थेट दुबईला. सातव्याला बहिणीचं विचारलं, तर तो मागे वळून ओरडला, "ए ताई, इकडे ये!" बहीण त्याच कॉलेजात होती, त्याच्या एक वर्ष पुढे.

दहापैकी दहा. बावीस वर्षांत बाबांनी दहापैकी दहा फक्त दोनदा पाहिले होते, आणि त्यांतल्या एकदा मापन यंत्रच बिघडलं होतं. त्यांनी कोपऱ्यावर जाऊन दोन ग्लास उसाचा रस घेतला. मग आणखी दोन. मग आईला दवाखान्यात फोन लावला: "पास! अगं, सगळे पास! पोरांचे हात भाजलेत!" आईने काय ऐकलं कुणास ठाऊक, तिने विचारलं, "मलम लावलं का?"

आम्रपालीचे पाय जमिनीला लागत नव्हते. बाबांच्या पुढे दोन दोन पायऱ्या चढत ती कार्यालयात शिरली आणि खिडकीशी म्हणाली, "प्रसारण आणि डिजिटल मीडियाचा फॉर्म!"

खिडकीतल्या बाईंनी तिच्याकडे, मग धापा टाकत आलेल्या बाबांकडे पाहिलं. "चौकशी केलीत का आधी?"

"दहा विद्यार्थ्यांना विचारलं," बाबा अभिमानाने म्हणाले. "दर पाचवा."

"दहा?" बाई म्हणाल्या. "मीडियाला आमच्याकडे एकूण सहा मुलं आहेत. त्यांतली चार गावाला गेलीत. तुम्हाला दहा कुठे मिळाली?"

"ती काय, पांढऱ्या कोटातली."

"ती हॉटेल मॅनेजमेंटची. तळमजल्यावर असतात, आत्ताच त्यांचं स्वयंपाकाचं प्रॅक्टिकल सुटलं." बाईंनी रजिस्टर पुढे ओढलं. "मीडियाचा फॉर्म हवा असेल तर देते. पण यंत्रं अजून यायची आहेत, आणि सर नोव्हेंबरात गेले ते गेलेच. बटाटेवडा मात्र उत्तम मिळतो, खालीच."

दोघं फाटकापर्यंत आले. मग बाबा थांबले. "सॅम्पल बरोबर होतं," ते म्हणाले. "लॉट चुकला."

"बाबा, मी हळदीला रसायन लिहिलंय."

"हळद रसायनच आहे," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मध्येच फुटला, आणि मग ते कडुनिंबाला हात टेकून इतके हसले, की चष्मा पुसायला त्यांना खाली बसावं लागलं. आम्रपाली हसली, पण रात्री जेवताना तिला आठवलं की आता एकच कॉलेज उरलंय. ते, झेरॉक्सवालं.

ते बुधवार पेठेच्या मागच्या गल्लीत होतं. जुनं अनुदानित कला महाविद्यालय; त्यात नव्या पदवीला जिन्याखालची एक लांबट खोली दिलेली. शुक्रवारी दुपारी एकला दोघं तिथे पोचले आणि फाटकाशी उभे राहिले. वीस मिनिटांत एक माणूस आणि एक मांजर बाहेर आलं.

"दर पाचवा कसा करणार?" आम्रपालीने विचारलं.

"शेकडा शंभर तपासणी," बाबा म्हणाले. "आत चल."

खोलीच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले होते, छतापर्यंत, आणि दाराला गोधडी लावली होती. आत दुसऱ्या वर्षाची अकरा मुलं होती. काही जमिनीवर, काही टेबलाखाली. टेबलावर बिनझाकणाचा मिक्सर, आठ माइकचे आवाज एकत्र करणारा. तारा सगळ्या उघड्या. कोपऱ्यात एक किडकिडीत गृहस्थ चहा पीत बसले होते.

बाबा मिक्सरवर वाकले. "हे कुठून आणलं?"

"भाग बुधवार पेठेतल्या दुकानांतून, जोडणी आमची," टेबलाखालून एक मुलगी म्हणाली. तिचं नाव सृष्टी.

"हा तिसरा जोड कच्चा आहे."

"माहितेय काका. म्हणून तीन नंबरचा माइक बंद ठेवलाय. उद्या करणार."

बाबांनी आम्रपालीकडे पाहिलं. चांगला माल पाहिल्यावर त्यांचा उजवा कान किंचित हले. तो आत्ता हलला. तरी त्यांनी अकराही जणांना तीनही प्रश्न विचारलेच. मागच्या आठवड्यात हात चालला सरासरी साडेनऊ तास. सर सहापैकी सहा दिवस आले. बहिणीला घालशील का? नऊ जण हो म्हणाले, एकाला बहीण नव्हती, आणि एक म्हणाला, "नको, माझी पाळी ती बळकावेल." पदवी विद्यापीठाची. फी नऊ हजार आठशे.

"पास," बाबा म्हणाले. आम्रपालीने उडी मारली आणि तिचं डोकं जिन्याला आपटलं.

"तुमची तपासणी झाली असेल तर आमची सुरू करू का?" कोपऱ्यातले गृहस्थ चहा संपवून उठले. ते उत्तरेश्वर सर. बावीस वर्षं आकाशवाणीत इंजिनिअर होते, आता हा अभ्यासक्रम तेच चालवत. "जागा वीस. अठरा भरल्यात. आज पाचला खिडकी बंद. टक्के आम्ही विचारत नाही, ते तुम्हाला आधीच कुणीतरी विचारलेत."

त्यांनी खांद्याला अडकवायचा एक कॅसेट रेकॉर्डर आम्रपालीच्या हातात दिला. "मंडईत जायचं. एक मिनिटाचा कार्यक्रम करून आणायचा. एकदाच. कापाकापी नाही, दुसरा प्रयत्न नाही. ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे आपण कुठे आहोत आणि काय चाललंय. आणि मिनिट म्हणजे मिनिट. दोन सेकंद इकडे किंवा तिकडे, त्याच्या बाहेर गेलात तर पुढच्या वर्षी या. प्रसारणात वेळच पाळायची असते, बाकी सगळं शिकवता येतं."

"ठीक आहे सर."

"घड्याळ इथे ठेवा. मोबाइलही. वडिलांचंसुद्धा. आणि मंडईत कुणाला वेळ विचारायची नाही."

पावणेतीनला दोघं मंडईत शिरले. बाहेर ऊन, आत सावली आणि कोथिंबिरीचा वास. चारी बाजूंनी आवाज: तराजूंचा, हाकांचा, कुणाच्या तरी भांडणाचा. आम्रपालीला वाटलं, सगळंच रेकॉर्ड करावं, सहा तास करावं. पण एक मिनिट मोजायचं कसं?

"नाडी!" ती म्हणाली. "माझे ठोके मिनिटाला बहात्तर. आईने मोजलेत." तिने मनगट धरलं आणि तिचा चेहरा उतरला. "बाबा, हे तर धावतायत. शंभर तरी असतील. एकशे वीससुद्धा असतील."

"मापन यंत्र तापलंय," बाबा म्हणाले. "टाकून दे."

मग ती जागच्या जागी उभी राहिली. शेजारच्या गाळ्यावर लिंबांचा ढीग होता आणि वर, छपराच्या दांडीला, सुतळीचं एक टोक नुसतंच लोंबत होतं. कुणी धक्का दिला की ते हले. इकडे, तिकडे. इकडे, तिकडे.

"लंबक," आम्रपाली म्हणाली. "बाबा, अकरावीचं प्रॅक्टिकल! एका सेकंदात एक पूर्ण फेरी हवी असेल तर लांबी पाव मीटर. चोवीस पूर्णांक आठ सेंटिमीटर. पण मोजणार कशाने?"

बाबांचा हात खिशाकडे गेला. तपासणी विभागातला माणूस घड्याळ काढून ठेवेल, पण स्टीलची पट्टी कधी नाही. "घड्याळ नको म्हणाले," ते म्हणाले. त्यांचा चेहरा दहा वर्षांनी लहान झाला होता. "पट्टी नको म्हणाले नाहीत."

लिंबांच्या ढिगामागे बसलेल्या इंदुबाईंनी हे सगळं ऐकलं होतं. "काय चाललंय वो तुमचं? सुतळी माझी हाय."

आम्रपालीने सगळं सांगितलं: कॉलेज, पाच वाजता बंद होणारी खिडकी, दोन सेकंद, सगळं एका दमात. इंदुबाईंनी तंबाखू गालात सरकवली. "म्हंजी ह्यावर तुझं शिक्शान टांगलंय व्हय? मग बांध की. हे घे, पन्नास ग्रामाचं वजन."

बाबांनी पट्टी दोनदा लावून मापलं, वजनाच्या मध्यापर्यंत, आणि गाठ मारली. लंबक टांगला. छान झुलत होता. पण आम्रपालीला कळलं, की साठ फेऱ्या मोजायच्या तर बोलता येणार नाही, आणि बोलायचं तर मोजता येणार नाही. तेवढ्यात खानावळवाले नागोराव रिकामी पिशवी घेऊन आले. "इंदुबाई, साठ लिंबं. बघून द्या, कालची कडक होती."

"कडक तुमचे दात झाल्यात," इंदुबाई म्हणाल्या, आणि पहिलं लिंबू उचलायला हात घातला.

"थांबा!" आम्रपाली एवढ्याने ओरडली, की पलीकडच्या ओळीतला कांदेवालाही थांबला. "मावशी, साठ लिंबं मोठ्याने मोजाल? एका फेरीला एक? मध्ये हवं ते बोला, पण मोजणं चुकवायचं नाही."

"पस्तीस वर्सं मोजतीया. भांडत मोजलंय, जेवत मोजलंय, लेकराला पाजत मोजलंय. मला शिकवतीस?"

आम्रपालीने डाव्या हाताने वजन मागे ओढलं, उजव्या हाताचं बोट बटणावर ठेवलं, आणि दोन्ही एकदम सोडलं.

"मंडई, दुपारची वेळ. इंदुबाई साठ लिंबं देतायत, नागोराव घेतायत!"

तिच्या बोलण्याच्या जोडीनेच इंदुबाईंचं मोजणं सुरू झालं होतं: "एक. दोन. तीन. चार—"

"हे बारीक आहे."

"पाच, बारीक कसं, सहा, तुमच्या डोळ्याला, सात, चष्मा लावा, आठ—"

लिंबू पिशवीत पडे, वजन झुले, आकडा येई. विसाच्या सुमाराला भोवती माणसं जमली. बाविसाला कांदेवाला खोडसाळपणे "एकोणतीस!" म्हणाला. इंदुबाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "गप तू, तेवीस, तुझं गिऱ्हाईक, चोवीस, पळालं बघ, पंचवीस." चाळिसाला सगळी ओळ हळू आवाजात त्यांच्याबरोबर मोजत होती, पन्नासाला हळू राहिली नव्हती. बाबा दोन्ही हात छातीशी धरून लंबकाकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. आम्रपालीने रेकॉर्डरचा माइक हनुवटीखाली दाबून धरला होता. "सत्तावन्न, कडक म्हन आता! अठ्ठावन्न! एकोणसाठ! साठ!"

बटण. आणि मग मंडईत अशी आरोळी उठली, जणू कुणीतरी निवडून आलं.

इंदुबाईंनी तिच्या हातात एकसष्टावं लिंबू ठेवलं. ते घेऊन ती धावली, मागे बाबा, रेकॉर्डर पोटाशी धरलेला. चार वाजून दहा मिनिटांनी जिन्याखालच्या खोलीत सृष्टीने गोधडी खाली सोडली. अकराही मुलं जवळ सरकली. उत्तरेश्वर सरांनी कॅसेट सुरुवातीला नेली, एका हातात स्टॉपवॉच घेतलं, दुसऱ्या हाताने टेप सुरू केली आणि डोळे मिटले. तेविसाला त्यांच्या मिशा हलल्या. पन्नासाला टेबलाखालचा एकजण मोजायला लागला, त्याला इतरांनी चिमटा काढला. "साठ!" झालं, खट् झालं, सरांनी अंगठा दाबला.

त्यांनी डोळे उघडले आणि स्टॉपवॉच बाबांपुढे धरलं, कारण माप वाचायची सवय बाबांना जास्त होती.

"एक मिनिट," बाबांनी वाचलं, "शून्य पूर्णांक सात सेकंद."